तीन वेळा विचारायचं असतं

"गेली! डोळ्यांदेखत गेली मेली!"

नेसमरझीलच्या धक्क्यावर उभी राहून उल्का हे चांगलं मोठ्यानं म्हणाली. जर्मनीच्या पार वरच्या टोकाला, उत्तर समुद्राच्या काठी, सप्टेंबरच्या भुरभुर पावसात आपलं मराठी कुणाला कळतंय, या भरवशावर. समोर बाल्ट्रुम बेटाकडे जाणारी बोट पांढरा फेस मागे टाकत निघाली होती.

"डोळ्यांदेखत नाही," मागून आवाज आला. "तुम्ही मोबाइलमध्ये बघत होता."

ती गर्रकन वळली. निळ्या रेनकोटातला एक उंच तरुण, कपाळावर ओले कुरळे केस, आणि हसू दाबायचा प्रयत्न साफ फसलेला.

"तुम्ही... मराठी?"

"आई-बाबा ठाण्याचे. मी ब्राउनश्वाइगचा, जन्मापासून. क्षितिज. माझीपण बोट गेली, बस लेट आली म्हणून."

"पण बोट साडेअकराची होती! मी नीट बघितलं होतं."

"ती उद्याची ओळ. इथे बोट घड्याळ बघून सुटत नाही, भरती बघून सुटते. रोजची वेळ वेगळी. आता पुढची अडीच तासांनी."

उल्का साताऱ्याची. ब्राउनश्वाइगमध्येच दोन वर्षं मोटारींच्या ब्रेकवर काम करणारी इंजिनिअर. म्हणजे दोघं एकाच गावात, बहुधा एकाच ट्राममधून फिरत होती आणि भेटली कुठे, तर बोट चुकल्यावर. असो. ज्याची त्याची वेळ.

बाकावर बसल्यावर क्षितिजनं कागदातून दोन चीज-ब्रेड काढले आणि एक तिच्यापुढे धरला. "खाणार?"

उल्कानं पहाटेपासून काही खाल्लं नव्हतं. पण ती साताऱ्याच्या सबनिसांची मुलगी. "नको नको," ती म्हणाली, "तुम्ही खा ना."

"ओके," तो म्हणाला. आणि त्यानं खरंच खाल्ले. एकामागून एक, दोन्ही.

शेवटचा घास त्याच्या तोंडात गेला, तेव्हा तिला राहवेना. "सगळं संपवलंत?"

"तुम्ही नको म्हणालात."

"अहो, पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं!"

"आणि हवं असेल तर काय म्हणायचं?"

"तेच. नको. पण समोरच्यानं परत विचारायचं."

"किती वेळा?"

"तीन वेळा. तिसऱ्यांदा आपण म्हणायचं, बरं बाई, एवढा आग्रह करताय तर..."

तो हसला नाही. भुवया आवळून त्यानं ते एखाद्या सूत्रासारखं डोक्यात उतरवून घेतलं. "आल्झो... म्हणजे, तीन वेळा. लक्षात ठेवीन."

मग तो उठून मशीनमधून दोन कॉफ्या घेऊन आला, आणि एक पुढे धरत त्यानं मोजून विचारलं, "कॉफी घेणार? घेणार? घेणार?"

"बरं बाई," उल्का म्हणाली, "एवढा आग्रह करताय तर..." आणि कॉफी हातात घेताना त्याच्या बोटांना बोटं लागली, तेव्हा तिला उगाचच गरम झालं. कॉफीनं असेल.

उल्का नुसती बेट फिरायला निघाली होती, क्षितिज तिथे घर बघायला. किनाऱ्याच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयात त्याला नोकरी लागली होती. वाळू कुठून वाहून जाते आणि कुठे साठते, हे मोजायचं काम. "आमचं बेट पश्चिमेला झिजतं," तो सांगत होता. घर अजून घेतलं नव्हतं, पण बेट 'आमचं' झालं होतं. पुढच्या बोटीनं जाताना त्यानं तिला घर बघायला यायचं विचारलं, अर्थातच तीन वेळा, आणि ती गेली.

बाल्ट्रुमवर गाड्या नाहीत. घोड्याची गाडी, नाहीतर हातगाडी. रस्त्यांना नावंही नाहीत. घरांना नंबर आहेत, तेसुद्धा ज्या क्रमानं बांधली त्या क्रमानं, त्यामुळे ब्याऐंशीच्या शेजारी एकशे चाळीस सापडतं. ते घर नंबर ब्याऐंशी. लाल विटांचं, बुटकं, वाळूच्या टेकडीमागे वाऱ्याकडे पाठ करून बसलेलं. समुद्र दिसायचा तो फक्त वरच्या न्हाणीघराच्या खिडकीतून, तोही स्टुलावर चढलं तर. उल्का चढली. घसरली. क्षितिजनं कोपराला धरून सावरलं, आणि मग दोघांनीही तो हात तिथेच राहू दिला, जरा जास्त वेळ.

मालकीणबाई फ्राऊ हार्म्स अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. घर हॉटेलवाल्यांना चढ्या भावानं विकायचं त्यांच्या मनात नव्हतं. त्यांची अट एकच, जो घेईल त्यानं बारा महिने राहायचं. "हिवाळ्यात खिडकीत दिवा दिसला पाहिजे," त्या म्हणाल्या. चहा आला. कपाच्या तळाशी खडीसाखर, वर गरम चहा पडला की ती तडतडते. ती तडतड ऐकायची, मग प्यायचा.

"तीन कप घ्यायचेच," फ्राऊ हार्म्स म्हणाल्या. "इथली रीत आहे."

क्षितिजनं उल्काकडे बघून भुवई उडवली. "बघ, इथेही तीन."

'तुम्ही'चं 'तू' केव्हा झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"तुम्ही दोघं राहणार?" म्हातारीनं विचारलं. "नाही!" दोघं एकदम म्हणाली आणि एकदमच लाजली.

मग तो हिवाळा. ब्राउनश्वाइगच्या ट्राममध्ये तो तिच्या स्टॉपवर चढायचा, जरी त्याचं घर उलट्या दिशेला होतं. दर पंधरा दिवसांनी काही ना काही निमित्तानं बेट. कधी छपराचं माप, कधी शेगडीची पाहणी. आणि सतत ते मोजणं. "सूप घेणार? घेणार? घेणार?" "स्टेशनवर सोडू? सोडू? सोडू?" उल्का दोनदा मान हलवायची आणि तिसऱ्यांदा हसायची. तिला तो आवडत होता. खरं सांगायचं तर ती त्याच्या प्रेमात आकंठ बुडाली होती, आणि रात्री उशीत तोंड खुपसून त्या न्हाणीघराच्या खिडकीला कुठला पडदा शोभेल याचा विचार करत होती. बेटासमोरच्या किनाऱ्याला, तासाभरावर, गाड्यांचा एक कारखाना होता. तिथे ब्रेकचं काम करणारे लागतात, हेही तिनं गुपचूप बघून ठेवलं होतं.

मार्चमध्ये एका संध्याकाळी दोघं बेटावर समुद्राकाठच्या बांधावरून चालत होती. वारा असा, की बोललेलं निम्मं पळवून नेत होता. क्षितिज थांबला.

"उल्का... घर दोघांच्या नावावर घेऊ या? म्हणजे, तूपण ये. माझ्याबरोबर. कायमची."

हो, हो, हो, असं उल्काच्या आत कोणीतरी टाळ्या वाजवत होतं. आणि तोंडातून आलं, "अरे... नको. माझं नाव कशाला उगाच?"

आई म्हणायची, मुलीच्या जातीनं चटकन हो म्हणू नये, किंमत राहत नाही. उल्कानं खाली बघितलं आणि वाट बघितली. आता दुसऱ्यांदा विचारेल. मग तिसऱ्यांदा. मग ती म्हणणार होती, बरं बाई, एवढा आग्रह करतोयस तर... वाक्य ओठांवर तयार होतं.

"बरं," क्षितिज म्हणाला. आणि जरा वेळानं, "थंडी वाजतेय? परत जाऊ या."

ती आठवडाभर वाट बघत राहिली. मग दुसरा आठवडा. तो भेटत होता, हसत होता, पण घराचं बोलायचा ते छपराचं आणि पाइपांचं. मग एके दिवशी फोन आला.

"सोळा एप्रिलला नोटारकडे सही आहे. नॉर्डेनला. येशील?"

"येईन की."

"आणि... पासपोर्ट आण तुझा."

"माझा कशाला?"

तो थांबला. "असू दे. आण."

तिनं आणला. सरकारी काम, कुठे काय मागतील सांगता येत नाही, असं म्हणून पर्समध्ये टाकला.

जर्मनीत घर विकत घ्यायचं तर नोटार नावाचा कायद्याचा माणूस अख्खा करार सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवतो. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. त्याशिवाय सही नाही. हा नोटार चष्म्यावरून बघणारा, शांत गृहस्थ होता. त्याच्यापुढे कागदांचे दोन गठ्ठे होते. एका बाजूला फ्राऊ हार्म्स बसल्या होत्या, चांगला कोट घालून. क्षितिजनं आपलं ओळखपत्र पुढे सरकवलं. नोटारनं त्याच्याकडे बघितलं. क्षितिजनं किंचित मान हलवली. मग नोटार उल्काकडे वळला.

"आणि आपण? आपणही खरेदीदार म्हणून सही करणार का?"

उल्काचा हात पर्समध्ये होता. पासपोर्टचं खरखरीत कव्हर बोटांना लागत होतं. पण जिभेला लहानपणापासूनचं वळण. परक्या माणसानं काही पुढे केलं की ती आधी धावायची.

"नाइन, नाइन... नको नको," ती हसून म्हणाली. "मी आपली सोबत आलेय."

आणि तिनं क्षितिजकडे बघितलं. तो टेबलाकडे बघत होता.

नोटारनं एक गठ्ठा बाजूला ठेवला, दुसरा उघडला आणि वाचायला लागला. घर नंबर ब्याऐंशी. खरेदीदार, अविवाहित, एकटा. वाचन चाळीस मिनिटं चाललं. कुंपणाचा वाद नाही, छपराची जबाबदारी घेणाऱ्याची, विहीर बुजवलेली आहे... चाळीस मिनिटांत केव्हाही ती म्हणू शकली असती, थांबा. पण चार माणसांत आपणहून कसं म्हणायचं? त्यानं विचारायला नको? मनातल्या मनात ती चिडलीसुद्धा, याला तीन वेळांचा नियम केवढा पाठ आहे, कॉफीला आठवतो आणि आज नाही. शेवटी नोटारनं विचारलं, कुणाला काही प्रश्न? कुणालाच नव्हता. क्षितिजनं सही केली. फ्राऊ हार्म्सनी रुमालानं नाक पुसलं आणि उल्काकडे बघत बसल्या, जरा नवलानं.

मे महिन्यात तो बेटावर राहायला गेला. फोन रोजचे होते ते आठवड्याचे झाले, मग सणावाराचे. भांडण असं झालंच नाही. दोघंही फार चांगल्या वळणाची होती. शरद ऋतूत तिनं पार दक्षिणेला, गार्चिंगला नोकरी घेतली. उत्तर समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं.

तीन वर्षांनी, दोन हजार अठराच्या ऑगस्टमध्ये, कार्ड आलं. 'छप्पर एकदाचं नवं झालं. बघायला ये.' खाली दोन नावं, क्षितिज आणि वीबके.

ती गेली. या वेळी बोटीची ओळ चार वेळा वाचून. वीबके बेटावरच्या शाळेत शिकवत होती. गोरीपान, मोकळी, दारात "नमस्कार" म्हणाली आणि उच्चार बरोबर आला का म्हणून नवऱ्याकडे बघितलं. राग यावा असं तिच्यात काही नव्हतं, हेच अवघड होतं. चहा झाला, खडीसाखर तडतडली. उल्का हात धुवायचं निमित्त करून वर गेली. न्हाणीघराच्या खिडकीला पिवळा पडदा होता. तिनं मनात निळा लावला होता. स्टूल तिथेच होतं. ती चढली नाही.

धक्क्यापर्यंत क्षितिज सोडायला आला. बोटीला दहा मिनिटं होती.

"चांगली आहे रे वीबके," ती म्हणाली.

"हो. चांगली आहे."

मग तिला राहवेना. तीन वर्षं साठवलेलं बाहेर आलं. "तू मला एकदाच विचारलंस, क्षितिज. कॉफीला तीन वेळा विचारायचास. आणि ते... एकदाच."

"एकदा? मी मोजून तीन वेळा विचारलं. एकदा बांधावर. मग पासपोर्ट आण म्हणालो, ते दुसऱ्यांदा. आणि तिसऱ्यांदा माझं तोंड उघडेना, म्हणून नोटारना आधीच सांगून ठेवलं होतं, तुम्ही तिला विचारा. त्यांनी करार दोन केले होते. एकात आपली दोघांची नावं होती."

तो बाजूला ठेवलेला गठ्ठा तिला लख्ख आठवला. पांढरी दोरी, वर निळी पट्टी. हातभर अंतरावर होता.

"तू तिसऱ्यांदाही नको म्हणालीस," क्षितिज हळूच म्हणाला. "मग मी विचार केला... हिला खरंच नको आहे."

"खरं नव्हतं रे," उल्का म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत. "एकदाही खरं नव्हतं. मला तूही हवा होतास आणि ते घरही. मला मोजता आलं नाही."

त्यानं तिची बॅग उचलून बोटीच्या फळीपर्यंत नेली. मग सवयीनं, घरच्या माणसासारखं म्हणाला, "आज राहतेस का? वीबकेनंच सांगितलंय. उद्याची बोट घे."

"नको."

त्यानं पुन्हा विचारायला तोंड उघडलं. तिनं हात वर केला.

"हे एकदाच विचार," ती म्हणाली. "हे खरंच नको आहे."

बोट निघाली. तो धक्क्यावर उभा होता, मग नुसता निळा ठिपका, मग तोही नाही. वाळूच्या टेकडीमागचं घर पाण्यावरून दिसत नाही, हे तिला माहीत होतं. तरी ती त्या बाजूला बघत राहिली.

बोटीवरची बाई किटली घेऊन फिरत आली. "चहा?" तिनं विचारलं.

"हो," उल्का म्हणाली. "हवा आहे."