रिकामी गिटार

रामदासपेठेत वाद्यं दुरुस्तीचं दुकान पुढं नि घर मागं, असा नागसेनचा संसार. दोनदा कूस रिकामी झाल्यावर आता बायकोला, मायाला, सातवा महिना लागला होता, त्यामुळं गडी हातानं काम करायचा नि कान आतल्या खोलीकडं लावून बसायचा. एका भर दुपारी कुसुमताई आपल्या गेलेल्या नवऱ्याची जुनी गिटार घेऊन आल्या. आर्चटॉप म्हणतात त्या जातीची. लाकूड कोरून फुगवलेलं पोट, व्हायोलिनसारख्या दोन खाचा, आणि तारा जिच्यावर टेकतात ती घोडी चिकटवलेली नाही, नुसती तारांच्या दाबानं उभी.

“आतून खडखडून राहिली गा,” ताई म्हणाल्या. “पण साऱ्या तारा एकदम नको काढू. आमचे हे एक काढत, एक लावत. अन् वाजवायच्या आधी अंगठ्यानं ठोकत… एकदा, मग दोनदा.”

“बरं ताई,” म्हणाला खरा. पण पोटाला आतून आधार देणारी पट्टी सुटली होती, आणि ताण असताना ती चिकटणार कशी? ताईंची पाठ फिरली तशा त्यानं साऱ्या तारा उतरवल्या.

घोडी पडायला हवी होती. पडली नाही! गिटार उपडी केली, गदागदा हलवली, तरी ती जागची ढळेना. खाचांतून ओल्या मातीचा वास यायला लागला. लाकूड ठोकून सूर ऐकायची त्याची जुनी खोड. त्यानं पोटावर बोटानं एकदा ठोकलं.

आतून उत्तर आलं. ठक… ठक-ठक.

“आवो…” मागून मायाची दबकी हाक आली. “बाळ हलून नाही राहिलं… मघापासून…”

नागसेनला ताईंची ताकीद आठवली. त्यानं ऑटोवाल्याला फोन लावला, आणि ऑटो येईस्तोवर एकेक तार चढवत सुटला. शेवटची तार ताणली नि माया ओरडली, “हललं! हललं वं माय!”

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सारं ठीक आहे. नागसेन तिथंच बाकावर बसून ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी कुसुमताई आल्या. त्यांनी गिटारीच्या पोटावर अंगठ्यानं ठोकलं. एकदा, मग दोनदा. आवाज पार मेलेला आला.

दारात उभ्या मायानं पोट धरलं. “अगं बाई… लाथ मारली. एकदा… मग दोनदा.”

ताईंचे डोळे भरून आले. नव्या नवरीसारखा त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“गिटार राहू दे गा तुझ्यापाशीच,” त्या हळूच म्हणाल्या. “आता मी इथंच येत जाईन.”