चांदणीचा आवाज

दाईने हुंकार दिला की अकराही वासरं तिच्याकडे धाव घ्यायची. दाई म्हणजे यंत्र. ऊबदार रबराची कास, चार सडं आणि पोटात दुधाची टाकी. वासराने ढुशी दिल्याखेरीज दूध येत नसे, आणि येई तेही बेताबेताने. बादलीतून गटागटा प्यायलेल्या वासराचं पोट भरतं, पण चोखायची ओढ दहा मिनिटं तरी उरतेच. मग ती एकमेकांची बेंबी नाहीतर कान चोखत बसतात. दाई आली आणि ते थांबलं.

गोठा सांभाळणाऱ्या हौसाबाई खेमनरला दाईचं भारी कौतुक. दर अमावस्येला ती यंत्राची दृष्ट काढायची, आता बोला! कारण दाईचा आवाज तिच्याच चांदणीचा होता. यंत्र बांधणाऱ्या डॉ. ऋजुता लोंढेंनी चांदणी गायीचं वासराला हाक मारणं टिपून घेतलं होतं. चांदणी जाऊन तीन वर्षं झाली, तरी रोज सकाळी ती हंबरायची आणि हौसाबाईचा जीव हलायचा.

आज मैना व्यायली. दाईवर वाढलेल्या कालवडींत विणारी ही पहिलीच, म्हणून ऋजुता मुद्दाम आली होती. वासरू धडपडत उभं राहिलं, पण मैनाने त्याला हुंगून मान फिरवली. हौसाबाईने वासराच्या पाठीवर मीठ चोळलं. "चाट गं माझे बाई, लेकरू हाय तुझं."

मैना सरळ दाईपाशी गेली आणि रबर चाटू लागली. दाई हुंकारली, तसा मैनाला पान्हा फुटला. पहिला चीक फरशीवर सांडत राहिला.

ऋजुताने घाईघाईने यंत्र बंद केलं. मग मैनाच हंबरली, हुबेहूब चांदणीसारखी, पण भलतीकडेच बघत.

"मावशी, ही हाक तर वासराला बोलावण्याची आहे ना? मग ही त्याच्याकडे बघत का नाही?"

हौसाबाई वासराशेजारी खाली बसली. "बाई, चुकलं माझं. तुमी आवाज घ्यायला आला, तवा चांदणीचं वासरू मेलेलं व्हतं. तिनं पान्हा सोडावा म्हून म्या त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्होरं ठिवलं व्हतं. लांबून तुमाला जितंच वाटलं, म्या बी बोलले न्हाई. पर चांदणी फसली न्हाई. ती हुंगायची, मान फिरवायची, आन् गेलेल्याला हाका मारायची."

ऋजुताने बंद यंत्राकडे पाहिलं. "तोच आवाज आज राज्यभरातल्या गोठ्यांत वाजतोय, मावशी."

हौसाबाईने मैनाचा चीक वाटीत पिळून घेतला आणि त्यात बुडवलेली बोटं वासराच्या तोंडात दिली. ते अधाशासारखं चोखू लागलं. तिला रडू आवरेना.

मैना पुन्हा हंबरली. वासराने बोटं सोडली आणि ते लटपटत आईकडे निघालं. हौसाबाईने त्याच्या गळ्याभोवती हात टाकला.

"ती ह्येला बोलवत न्हाई, बाई. पर ह्येला ते कसं कळावं? जाऊ देऊ, का धरून ठिवू?"