मधल्या खुर्चीचा आवाज

आनंद, मघाशी तू म्हणालास की नव्या फ्लॅटमध्ये होम थिएटर बसवायचंय, चांगला माणूस सांगा. माणूस सांगतो. शंभू राऊत. बुधवार पेठेत माझं दुकान होतं तेव्हापासूनची ओळख. हात स्वच्छ, वेळेवर येतो, भिंतीला नको तिथे भोक पाडत नाही. फक्त अंधार पडल्यावर तो काम करत नाही. सहा वाजले की हत्यारं पिशवीत. का, ते विचारलंस तर हसेल आणि विषय बदलेल. मला त्याने एकदाच सांगितलंय. पूर्वा, तूही ऐक, पण तो टीव्ही बंद कर आधी.

डिसेंबर २०२४. बारा तारीख, मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार.

शंभू यवतमाळकडचा, पुण्यात येऊन त्याला बारा वर्षं झाली होती. त्या दिवशी संध्याकाळी तो बुधवारात वीस फूट वायर घ्यायला आला होता. दगडूशेठपाशी फुलवाल्यांची, पूजेच्या सामानाची ही गर्दी, स्कूटर लावायला जागा नाही. वायर घेतली, माझ्याकडे उभ्या-उभ्या चहा घेतला आणि निघाला. जायचं होतं विश्रांतवाडीला. येरवड्याला नेहमीसारखा अडकला. सोसायटीच्या गेटवर पोचला तेव्हा साडेसात झाले होते.

काम आठव्या मजल्यावर होतं. गिऱ्हाईक तसं जुनं. रणजित नावाचा मुलगा, आयटीतला, मूळचा विश्रांतवाडीकडच्याच शेतकरी घरातला. दोन वर्षांपूर्वी तो तीन संध्याकाळी माझ्या दुकानात बसून एकेक स्पीकर ऐकून गेला होता. सगळं सामान घेतलं, आणि बसवायच्या आतच गेला. सोलापूर रस्त्यावर अपघात. खोकी तशीच पडून राहिली. सव्वा वर्षाने त्याच्या बायकोचा, शेफालीचा, शंभूला फोन आला. म्हणाली, "त्याने ड्रॉइंग काढून ठेवलंय. एक्झॅक्टली तसंच बसवा. इंचाचाही फरक नको."

दोन दिवस शंभूने तेच केलं. आतल्या खोलीत पुढे तीन स्पीकर, मागे दोन, कोपऱ्यात धमक देणारा तो मोठा खोका. मधोमध तीन आरामखुर्च्या ओळीने. रणजितच्या कागदावर मधल्या खुर्चीवर फुली होती, आणि पुढे लिहिलं होतं, "मी."

त्या संध्याकाळी मजल्यावरच्या बाकीच्या दारांपुढे चपलांचे ढीग होते. हळदीकुंकवाला बायकांची ये-जा चालली होती. हे एकच दार बंद. बेल वाजवल्यावर रणजितच्या आईने, सोजरबाईंनी उघडलं. सुनेच्या सोबतीला त्या इथेच राहायच्या.

"या," त्या म्हणाल्या. "आज हुईल ना समदं?"

"तासाभरात होतं, आई. आता फक्त माप घ्यायचं."

हे माप म्हणजे काय ते सांगतो. डोकं जिथे येणार तिथे, खुर्चीवर, एक बोटाएवढा माईक स्टँडला लावून ठेवतात. मग मशीन एकेका स्पीकरमधून खस्स आवाज सोडतं, तो माईकपर्यंत कसा पोचतो ते ऐकतं, आणि कुठला स्पीकर किती मोठा वाजवायचा ते आपलं आपण ठरवतं. अट एकच. त्या वेळी खोलीत चिडीचूप पाहिजे. सुरू करायच्या आधी मशीन तेच तपासतं.

शंभूने वायर ओढली, माईक मधल्या खुर्चीवर लावला आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली. खोलीत आवाज आहे. शांतता ठेवून पुन्हा प्रयत्न करा.

त्याने पंखा बंद केला. पुन्हा तेच. शेफालीने स्वयंपाकघरातला फ्रीज बंद केला. पुन्हा तेच. शेजारच्या बायकांचं बोलणं येत असेल म्हणून दार गच्च लावलं, फटीला कापड लावलं. पुन्हा तेच.

"माईक खराब असेल," शेफाली म्हणाली.

शंभूलाही तेच वाटलं. त्याने माईक उचलून डावीकडच्या खुर्चीवर ठेवला. मशीनने मुकाट्याने माप घेतलं. उजवीकडे ठेवला. तिथेही घेतलं. म्हणजे माईक ठीक, वायर ठीक. परत मधल्या खुर्चीवर ठेवला.

खोलीत आवाज आहे.

दोन फुटांवर शांतता आणि इथे आवाज. बारा वर्षांत असलं काही त्याने पाहिलं नव्हतं. त्याच्या पिशवीत एक छोटा रेकॉर्डर असायचा, कुठे खरखर येते ते शोधायला. त्याने माईकची वायर मशीनमधून काढून रेकॉर्डरला जोडली, हेडफोन कानाला लावला आणि आवाज वाढवला.

आधी नुसती पोकळी. मग तो ऐकू आला.

श्वास.

मोठा, सावकाश, एखादा माणूस पोटभर जेवून निवांत बसल्यावर घेतो तसा. आत... थांबून... बाहेर. शंभूला वाटलं आपलाच असेल. त्याने स्वतःचा श्वास रोखला. दहापर्यंत मोजलं.

आत... थांबून... बाहेर.

खुर्ची रिकामी होती. त्याच्या हातभर अंतरावर, दिव्याच्या उजेडात, रिकामी.

"काय येतंय?" शेफालीने विचारलं. त्याच्या तोंडावर जे काही दिसलं असेल त्यावरून तिने उत्तराची वाट पाहिली नाही. हेडफोन त्याच्या कानावरून काढून स्वतःच्या कानाला लावला.

बराच वेळ ती हलली नाही. मग हळूहळू खाली बसली, फरशीवर, खुर्चीकडे तोंड करून. सव्वा वर्षात जी बाई धड हसली नव्हती तिच्या ओठांवर हसू आलं. ती म्हणाली,

"आलास?"

शंभू सांगत होता, त्याला त्या क्षणी भीती वाटली नाही. वाईट वाटलं. खोलीतून निघून जावं, या दोघांना एकटं सोडावं, असं वाटलं. इतका त्यालाही तो रणजितच वाटला होता.

सोजरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. शेफालीने त्यांना हात धरून खाली बसवलं. "आई, ऐका. तो आलाय. ऐका ना."

म्हातारीने हेडफोन कानाला लावला. डोळे मिटले. शंभू त्यांच्याकडे बघत होता. आधी चेहरा विरघळल्यासारखा झाला. मग कपाळाला आठी पडली. त्यांनी मान तिरकी केली, पुन्हा नीट ऐकलं. आणि हेडफोन काढून असा खाली ठेवला, जसं काही गरम भांडं ठेवतात.

"ह्यो रणजित न्हाय," त्या म्हणाल्या.

"आई..."

"माझ्या लेकाला ल्हानपनापास्नं दमा. त्याच्या छातीत शिट्टी वाजायची. झोपंत सुदीक. रात-रात उशाशी बसून ऐकलीय म्या." त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "ह्याच्या छातीत कायबी न्हाय. ह्यो त्यो न्हाय, शेफाली. ह्यो दुसराच कोन तरी त्याच्या जाग्याव बसलाय."

पलीकडच्या घरात आरती सुरू झाली होती, ती भिंतीतून पुसट ऐकू येत होती.

शेफालीने हेडफोन उचलला. पुन्हा लावला.

"पोरी, ठेव ते खाली."

तिने बोट वर केलं. थांबा, या अर्थाने. ती ऐकत होती. पण आता नुसता श्वास ऐकणाऱ्या माणसासारखी नाही. कुणी बोलत असतं आणि आपण मान डोलवतो... तशी.

"हो," ती म्हणाली. "हो... कळलं."

शंभू पुढे झाला. त्याने रेकॉर्डर उचलून माईकची वायर उपटली. ती अजून मान डोलवत होती. त्याने बॅटरी काढली. रेकॉर्डरचा दिवा विझला. हेडफोनची पिन ओढून काढली. आता त्या हेडफोनचं टोक फरशीवर पडलं होतं. कशालाच जोडलेलं नाही.

"बरं," शेफाली म्हणाली. "उघडते."

ती उठली.

त्या खोलीला मोठी सरकती खिडकी. दर्शनी बाजूला जाळी लावायला सोसायटीची मनाई, इमारतीची शोभा जाते म्हणून. खिडकीखाली गॅलरी नाही, सज्जा नाही. सरळ आठ मजले.

शंभू आडवा आला. ती चिडली नाही. समजूत घातल्यासारखी म्हणाली, "दादा, बाजूला व्हा ना. तो बाहेर उभा आहे. कधीचा."

"बाहेर काही नाही, ताई."

"आहे... हाक मारतोय."

तिने कडीला हात घातला. काच वीतभर सरकली. गार वारा आला. खालच्या रस्त्याचा आवाज आला. शंभूने तिचं मनगट धरलं, पण तिचा हात कडीवरून सुटेना. सत्तेचाळीस किलोची बाई. त्याला दोन्ही हातांनी आवरेना. मागून सोजरबाईंनी तिच्या कमरेला मिठी मारली आणि तिघंही तसेच... काही क्षण. कुणी ओरडलं नाही. नुसती धडपड. नुसते श्वास.

तिघांचे श्वास. शंभूने ते मोजले. अजूनही मोजतो, म्हणतो.

चार होते.

त्याने तिच्या कानावरचा हेडफोन हिसकून काढला आणि खोलीबाहेर भिरकावला.

शेफाली खाली बसली. जरा वेळाने तिने वर पाहिलं. "आई, रडताय का? काय झालं?" तिला काहीच आठवत नव्हतं. माईक लावल्याचंसुद्धा.

तेव्हा नऊला दहा कमी होते. शंभूने खिडकी लावून कडी घातली. त्या तिघांनी दिवे तसेच ठेवले, दाराला कुलूप घातलं आणि खाली आले. सोजरबाईंचे भाऊ सर्जेराव लोहगावला राहतात. त्यांनी गाडी आणली आणि दोघींना घेऊन गेले. शेफाली आज ठीक आहे. नोकरी करते, मामांच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर सासूसोबत राहते. ऑफिसची मीटिंगही स्पीकरवर घेते, कानात काही घालत नाही. का ते तिला माहीत नाही. घालावंसं वाटत नाही, एवढंच म्हणते.

फ्लॅट बंदच होता. सहा आठवड्यांनी, जानेवारीच्या शेवटी, सर्जेरावांनी शंभूला फोन केला. सामान काढून विकून टाकायचं होतं. एकट्याने येणार नाही, शंभू म्हणाला. "मी हाय की संगं," सर्जेराव म्हणाले. "पोरीला झोप नव्हती, डोक्यावर परिणाम झाला. भूतबीत काय नसतं. जमिनीच्या धंद्यात लई बघितली भुतं, समदी दोन पायांची."

भर दुपारी गेले दोघं. साडेबारा. बाहेर लख्ख ऊन, घाम फुटत होता. कुलूप उघडलं. घरभर धूळ, बाकी काही नाही. दिवे सहा आठवडे जळतच होते. शंभूने मागचे स्पीकर उतरवले, वायरी गुंडाळल्या. मधल्या खुर्चीला हात लावला नाही. ती सर्जेरावांनी स्वतः ओढत बाहेर नेली, मुद्दाम, हसत.

परत आले ते खिडकीपाशी थांबले.

"ह्ये काय रे?"

काचेवर, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, वाफेचा एक गोल होता. चष्मा पुसायच्या आधी आपण काचेवर हा करतो ना... तसा. वाटीएवढा.

सर्जेरावांनी खिशातला रुमाल काढला आणि पुसला. गेला नाही. जरा जोर लावून पुसला. काच रुमालाखाली कोरडी होती. करकरत होती.

मग त्यांचा हात थांबला.

वाफ आतून नव्हती. बाहेरून होती.

दोघं बघत उभे राहिले. तो गोल हळूहळू आकसला... रुपयाएवढा झाला...

आणि पुन्हा भरला.