अस्तराचा झोळ

डेलमार कुसेरा अस्तराचा काठ फाडत होता. कात्री लावली तर कापड कुठेही जातं. फाडलं तर धाग्याच्या रेषेतच फाटतं आणि चारही कोन सरळ येतात. टर्रकन आवाज गॅरेजभर घुमला. बाहेर छपरावरचा बर्फ वितळून पन्हाळीतून ठिबकत होता. रस्त्यापलीकडे धान्याच्या उंच कोठारावर कबुतरं ऊन खात बसली होती.

हेच अस्तर त्याने आधी दोनदा चढवलं होतं आणि दोनदा उसवलं होतं.

गोधडी शाळेतल्या बाईंची होती, त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी. डेलमारच्या बायकोने, लव्होनने, ती उन्हाळ्यात शिवायला घेतली होती. ऑक्टोबरात लव्होन गेली आणि गावातल्या बायकांच्या गोधड्यांची चळत शेल्फवर तशीच राहिली. सगळ्यांनी सांगितलं, परत देऊन टाक, दुसरीकडे शिवून घेतील. डेलमारने ऐकलं नाही. जन्मभर त्याने कापणीयंत्रं दुरुस्त केली होती. गॅरेजमधली ही चौकट त्यानेच बसवली होती, मशीनला तेल तोच घालायचा. शिवायला तेवढं लव्होनने त्याला कधी दिलं नव्हतं.

काम समजायला सोपं होतं. खोलीभर लांब चौकट, तिला दोन रूळ. अस्तर दोन्ही रुळांना टाचून मधे ताणायचं, त्यावर कापसाचा थर, त्यावर तुकडे जोडून केलेलं वरचं कापड. मग चाकांवरचं मशीन दोन्ही मुठींनी धरून फिरवायचं, म्हणजे तिन्ही थर एकत्र शिवले जातात. अडचण एकच. अस्तर सगळ्यांत खाली असतं आणि शिवताना दिसत नाही. मधूनमधून थांबून हात खाली घालायचा, तळवा वर करून चाचपायचं. बोटांना चुणी लागली नाही म्हणजे ठीक.

डेलमारच्या बोटांना दर वेळी चुणी लागत होती. कडा ताठ आणि मधोमध झोळ, जसं कुणी नुकतंच तिथून उठून गेलं असावं. त्याने रूळ वाकलाय का ते दोरी लावून पाहिलं होतं. जोडाची शिवण रुळाला समांतर आणली होती. बाजूचे चिमटे सैल करून पाहिले, घट्ट करून पाहिले. आता काठ राहिला होता. काठ घट्ट विणलेला असतो, तो आखडतो आणि मधलं कापड सैल पडतं. म्हणून तोही काढला.

दार लाथेने ढकलून आर्लिस आत आली. दोन्ही हातांत कोलाचेंचं ताट होतं, खसखस भरलेले पाव अजून गरम होते.

"काय मेकॅनिक, आज कोणाचं इंजिन खोलून ठेवलंस?"

"काठ काढला. आता झोळ येणार नाही."

"परवापण हेच म्हणालास."

"परवा जोडाची शिवण तिरकी होती."

"आणि त्याआधी रुळात दोष होता. हळू बोल रे, चौकट बिचारी सगळं ऐकतेय." तिने ताट खिडकीत ठेवलं, हात पुसले. "सरक. मी बघते."

डेलमार सरकला. आर्लिस लव्होनची मैत्रीण. इतकी वर्षं आठवड्यातले बरेचसे दिवस ती इथे यायची. दोघी आतून दार लावून घ्यायच्या, उष्णता बाहेर जाते म्हणून. डेलमार स्वयंपाकघरात बसून जेवणाची वाट बघायचा आणि भिंतीपलीकडे त्यांची कुजबुज ऐकायचा. लव्होन जेवायला यायची तेव्हा चेहऱ्यावर अजून हसू असायचं. काय झालं विचारलं की म्हणायची, काही नाही रे, बायकांचं असतं. आर्लिस तिला व्होनी म्हणायची. त्याने कधी म्हटलं नव्हतं. ते नाव त्याच्यासाठी उरलंच नव्हतं.

आर्लिसने अस्तर चढवलं. डेलमार डोळ्यांत तेल घालून बघत होता. तिने वेगळं काही केलं नाही. त्याने लावले होते तिथेच चिमटे लावले, रूळ तेवढाच फिरवला. खालून एकदा हात फिरवला आणि शिवायला लागली.

संध्याकाळपर्यंत गोधडी पूर्ण झाली. डेलमारने ती उलटी करून जमिनीवर पसरली, गुडघे टेकून इंच न् इंच पाहिली. अस्तर गोठलेल्या तळ्यासारखं सपाट होतं.

"काय केलंस?"

"काही नाही केलं." आर्लिस कोट चढवत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या गोधडीलाही तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. डेलमारने शिवलं की झोळ, आर्लिसने शिवलं की सपाट. त्याने चढवलेल्या अस्तरावर ती शिवायची तरी सपाट. तिने चढवलेलं अस्तर तो शिवायला घ्यायचा आणि पहिल्याच ओळीला बोटांना चुणी लागायची. यंत्रात दोष असला तर तो माणूस बघून येत नाही. हे डेलमारला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याची झोप उडाली.

एका दुपारी आर्लिस शिवत असताना तो टॉर्च आणि पाना घेऊन चौकटीखाली शिरला.

"आता काय?"

"पायाचा बोल्ट वाजतोय."

"वाजत नाहीये."

"तू शीव."

तो पाठीवर झोपला. फरशी गार होती. वर, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, अस्तर ताणलेलं होतं, फिकट निळं. सुई त्यातून खाली यायची, जायची, मागे टाक्यांची वळणं उमटत जायची. टॉर्चच्या उजेडात कापडाचा पोत दिसत होता. मधोमध झोळ होता. तोच झोळ. म्हणजे तिलाही येत होता. डेलमारला बरं वाटलं.

मग झोळ हलला.

कापडाला खालून काहीतरी टेकलं होतं. त्याच्या आणि कापडाच्या मधे, त्या हातभर हवेत, काहीच नव्हतं. पण कापड एका जागी किंचित वर दाबलं गेलं. आधी चार बोटं, मग तळव्याची गादी, मग जरा बाजूला अंगठा. ती खूण सुईच्या पुढे पुढे सरकली, सावकाश, मधून काठाकडे. सैल कापड तिच्यापुढून लोटलं जात काठापर्यंत गेलं आणि तिथे नाहीसं झालं. खूण पुन्हा मधे आली. पुन्हा काठाकडे गेली. ओल्या स्टार्चचा वास आला आणि त्याखाली ग्लिसरीनचा, लव्होन हिवाळ्यात हातांना लावायची तो.

वरून आर्लिस हलक्या आवाजात म्हणाली, "बास, बास. झालं तिकडचं. ये आता इकडे."

खूण तिच्याकडे गेली.

डेलमार सरकत बाहेर आला. भीती नव्हती. कितीतरी वर्षं जेवणाच्या टेबलाशी बसून त्याला जे वाटायचं, तेच आत्ता वाटत होतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

आर्लिसने मशीन थांबवलं. 

"अंत्यविधी झाला आणि मी चौकट आवरायला आले ना, तेव्हापासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुझ्याकडे तर येतच असेल." तिचे डोळे भरले. "घरात. अरे, नवरा तू तिचा. मी कशाला सांगायला येऊ?"

हिवाळाभर तो पलंगाच्या आपल्या अर्ध्या भागावर झोपला होता, दुसऱ्या अर्ध्यावरचं पांघरूण त्याने विस्कटूही दिलं नव्हतं. तिथे काहीच आलं नव्हतं. वासही नाही.

शेल्फवर आता एकच काम उरलं होतं. लव्होनने स्वतः जोडलेलं शेवटचं कापड, तांबूस आणि करड्या त्रिकोणांचं. आर्लिसने त्यावर हात ठेवला.

"हे आम्ही दोघी करणार होतो. माझ्यासाठी जोडलं होतं तिने."

"ते आमच्या पलंगासाठी आहे."

"डेल, उलगडून बघ की. रुंदी बघ. तुमच्या पलंगाला पुरेल का हे? एका माणसाची आहे गोधडी."

"कापड कमी पडलं असेल."

"व्होनीला कापड कमी पडलं?"

"तिचं नाव लव्होन होतं!" तो ओरडला. गॅरेजच्या पत्र्यावरून आवाज परत आला. "गॅरेजची किल्ली ठेव तिथे. उद्यापासून येऊ नकोस."

आर्लिसने किल्ली काढून खिडकीत ठेवली. दारापाशी ती थांबली. डेलमारने अस्तरासाठी घडी उलगडायला घेतली होती, ती तिने पाहिली.

"ही चादर आहे."

"आमच्या पलंगावरची."

"चादर अस्तराला लावत नाहीत रे. वीण घट्ट असते, सुईला जागा देत नाही. ती कुणालाही शिकवताना पहिली गोष्ट हीच सांगायची." ती थांबली. "तुला नाही शिकवलं का?"

डेलमारने चादर पुरती उलगडली. दार लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याने चादर चढवली. झोळ आला. त्याने मशीन थांबवलं, हात खाली घातला, तळवा वर केला आणि वाट पाहिली. चादर गार होती.

"लव्होन," तो म्हणाला. "मी आहे."

काही झालं नाही.

"आर्लिस नाहीये. मीच आहे."

पन्हाळीत पाणी ठिबकत राहिलं.

मग त्याने रूळ आवळला. चिमटे आवळले. आणखी आवळले, चादर नगाऱ्यासारखी वाजेपर्यंत. आता कुणाच्या हाताची गरज नव्हती. सुई प्रत्येक टाक्याला ठक्क वाजत होती, दोनदा मोडली. त्याने नवी लावली. जेवायलाही न उठता त्याने ती गोधडी शिवून काढली.

रूळ सोडले तसं ताणलेलं कापड आखडलं. अस्तरभर सुरकुत्या उठल्या, मधून काठापर्यंत, आणि प्रत्येक सुरकुती टाक्यांनी पक्की शिवलेली. उसवायची तर सगळीच उसवावी लागली असती. डेलमारने उसवली नाही. गोधडी खोलीत नेऊन पलंगावर पसरली. उलटी. चादरीची बाजू वर, कारण ती बाजू त्या दोघांची होती. ती पलंगाच्या मधोमध पडली, दोन्हीकडे गादी उघडी राहिली. तो तिच्यावर आडवा झाला. खिडकीत दुपारचं ऊन होतं. पाठीला सुरकुत्या टोचत होत्या.

त्याने डोळे मिटले. किती वेळ गेला कळलं नाही.

आधी वास आला. ओला स्टार्च, आणि त्याखाली ग्लिसरीन.

मग पाठीखाली, खांद्याच्या पात्यांच्या मधे, काहीतरी टेकलं. चार बोटं. तळव्याची गादी. अंगठा.

डेलमारच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानात उतरलं.

"आलीस," तो म्हणाला. "व्होनी."

हात सरकला. सावकाश, काठाकडे. त्याच्या पाठीखालून गेला, पुन्हा मधे आला, पुन्हा काठाकडे गेला. किती ओळखीची चाल होती. तो श्वास रोखून पडून राहिला, तिच्या कामात व्यत्यय नको म्हणून.

तिसऱ्या खेपेला हात त्याच्याखाली आला आणि थांबला.

मग जोर लागला.

त्याचं अंग बोटभर सरकलं.

"लव्होन?"

हात मधे गेला, परत आला. या वेळी दोन्ही तळवे होते. रागाचं काही नव्हतं त्यात. काम करणाऱ्या बाईचे हात होते, बेताने लावलेला जोर होता. एक टाच गोधडीवरून घसरून उघड्या गादीवर गेली. त्याने पलंगाची कड पकडली.

मान वळवून त्याने बाजूला पाहिलं. शिवलेल्या सुरकुत्या एकामागून एक विरत होत्या. टाके जागच्या जागी होते, आणि त्यांच्यामधली चादर उन्हात सपाट होत चालली होती. उशीकडची झाली. पायाकडची झाली. खिडकीच्या बाजूची सगळी झाली.

आता फक्त तो होता तेवढीच जागा राहिली होती, आणि हात तिकडे येत होते.