टपावरचे ओरखडे

दुसऱ्याच्या गाडीकडे बघून मला गप्प बसता येत नाही. आई म्हणते, ही खोड आहे. मी म्हणते, हा धंदा आहे. बाबा वकील, त्यामुळे ते दोन्ही बाजू ऐकून घेतात आणि निकाल मात्र राखून ठेवतात.

अमरावतीत बडनेरा रोडला माझं छोटं दुकान आहे. गाडीच्या रंगावरचे ओरखडे काढायचे, पॉलिश करायचं, बस. शेजारी एक टायरवाला. त्या दिवशी त्याच्याकडे हवा भरायला एक काळी गाडी थांबली. दिवाळी नुकतीच झाली होती, दुपारचं ऊन थेट बॉनेटवर पडलं होतं आणि त्या उन्हाभोवती गोल गोल बारीक ओरखड्यांचं जाळं चमकत होतं. पांढरी गाडी कशीही धुवा, चार हातांवरून बरी दिसते. काळ्या गाडीवर सगळं दिसतं. मी दुकानातून उठून थेट तिकडे गेले.

"ही गाडी कोणी घासली हो?"

चाकापाशी उकिडवा बसलेला मुलगा उभा राहिला. उंच, रापलेला, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. "काहून? काय झालं?"

"भांडी घासावीत तशी घासली आहे. ज्यानं कोणी हे केलं ना, त्याला गाडीजवळ फिरकूसुद्धा देऊ नका."

तो नुसताच माझ्यामागे बघत राहिला... आणि मागचं दार उघडलं. आतून एक बाई उतरल्या. हातात मोझरीच्या आश्रमातल्या प्रसादाची पिशवी, कपाळावर मोठं कुंकू.

"म्या घासली," त्या म्हणाल्या. "दर सोमवारी पूजा करतो मी गाडीची. तेलात कुंकू कालवून सातिया काढतो, स्वस्तिकच ते, बॉनेटवर. वाळला का निघत नाही बाप्पा, मंग नारळाच्या शेंडीनं घासा लागते. काय चुकलं?"

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. तो मुलगा मात्र हसू दाबत होता आणि त्याला ते अजिबात जमत नव्हतं.

"काकू... चुकलं असं नाही," मी म्हटलं. "पण नारळाच्या शेंडीनं..."

"आमच्या घरचं तांब्या-पितळ पाहाले ये कधी. आरसा होते त्याचा."

त्या कौशल्याबाई. मुलगा नितेश. तेल्हारा तालुक्यातलं हिवरखेड त्यांचं गाव, घरची शेती. मोझरीहून परतताना अमरावतीत लेकीकडे मुक्काम होता. हे सगळं मला दोन मिनिटांत कळलं, कारण कौशल्याबाई बोलायला कमी पडत नाहीत. तिसऱ्या मिनिटाला आणखी एक गोष्ट कळली.

"निघत असन हे सारं, तं काढून दे बाई. रविवारी अकोल्याले पोरगी पाहाले जाणं हाय याच्यासाठी. गाडी चांगली दिसली पायजे."

"निघेल," मी म्हटलं. का कोण जाणे, आवाज जरा कोरडाच निघाला.

कौशल्याबाई ऑटोने लेकीकडे गेल्या. नितेशही जाईल असं वाटलं होतं. तो प्लॅस्टिकची खुर्ची ओढून बसला.

"सगळा दिवस लागतो याला," मी म्हटलं.

"बसतो ना. कपाशी काही आज पळून जात नाही."

मी गाडी धुतली. मातीच्या वडीसारखा क्ले असतो, तो ओला करून अंगभर फिरवला आणि रंगात रुतलेली धूळ ओढून काढली. रबराच्या पट्ट्यांवर टेप लावली. तो प्रत्येक गोष्टीला "हे काहून?" विचारत होता. मला असे प्रश्न आवडत नाहीत. त्याचे आवडत होते.

"बोट द्या," मी म्हटलं.

"अं?"

"बोट. नख फिरवून बघा इथे." मी त्याचा हात धरून दारावरच्या एका ओरखड्यावरून त्याचं नख फिरवलं. "अडकलं?"

"...नाही."

"मग निघेल. नख अडकलं तर समजायचं, ओरखडा खोल गेला. तो पॉलिशनं जात नाही."

सांगून झालं तरी मी हात सोडला नव्हता. माझ्या ते उशिरा लक्षात आलं. त्याच्या बरंच आधी आलं असावं, कारण कान लाल झाले होते.

मग मशीन सुरू केलं. गोल पॅडवर वाटाण्याएवढं पॉलिश घ्यायचं आणि हळूहळू, आडवं-उभं फिरवायचं. घाई केली तर पत्रा तापतो, रंग जळतो. एक भाग झाला की पुसायचा, दिवा धरायचा, बघायचं. बॉनेटचा अर्धा भाग झाल्यावर मी त्याला बोलावलं. डावीकडे जाळं, उजवीकडे विहिरीतल्या पाण्यासारखा काळाशार रंग. त्या काळ्यात आम्ही दोघं शेजारी उभे दिसत होतो.

"बाप्पा..." तो एवढंच म्हणाला. पण बघत मात्र गाडीकडे नव्हता.

संध्याकाळी कौशल्याबाई आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "पोरीच्या हातात गुण हाय." मी त्यांना सांगितलं की पूजा जरूर करा, पण सातिया काचेवर काढा आणि ओल्या कापडानं पुसा. त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

"रविवारसाठी शुभेच्छा," मी नितेशला म्हटलं. चांगलं वागायचं म्हणून म्हटलं. मनापासून नव्हतं.

तो रविवार माझा फार वाईट गेला. बाबांनी दोनदा विचारलं, काय बिनसलंय. मी ऊन जास्त आहे म्हणून सांगितलं. थंडीचे दिवस होते.

डिसेंबरात एका सकाळी शटर वर केलं, तर समोर तीच काळी गाडी. नितेश एकटाच होता.

"परत ओरखडे पडले," तो म्हणाला.

"अकोल्यात काय पॉलिशवाले संपले? एवढ्या लांब आलात ते?"

"अकोल्यात इतकं बोलणं कोणी खपवून घेत नाही. म्हटलं, सवय सुटू नये."

"मी बोलते?"

"नाही, नाही. तुमी तं मुक्याच हाय."

मी हसले नाही. म्हणजे तोंड फिरवून हसले. मग जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तेच आधी विचारलं. "जमलं का... रविवारचं?"

त्यानं मान खाजवली. "गाडी पसंत पडली त्याईले. पोरीच्या बापानं विचारलं, नवी घेतली का? म्हटलं, नाही, पॉलिश केली. कोणं केली? म्हटलं, अमरावतीची एक बाई हाय. मंग मी सांगत बसलो... क्ले काय असते, टेप काहून लावतात, नख कसं फिरवाचं. पोरगी पोहे घेऊन आली अन् निघून गेली, माह्या ध्यानातच आलं नाही."

"मग?"

"मंग काय! रस्ताभर आई म्हणे, त्या पॉलिशवालीलेच पाहाले गेल्तो का आपण?"

मी झटकन दिवा उचलला. काहीतरी हातात हवं होतं.

दिव्याखाली बॉनेट जवळजवळ स्वच्छ होतं. दारंही. ओरखडे होते ते टपावर, अगदी मधोमध. आणि कौशल्याबाईंचं डोकं जेमतेम गाडीच्या खिडकीच्या वरच्या कडेला लागतं. स्टूल घेऊनही त्यांचा हात तिथे पोचला नसता.

कळायचं ते कळलं. काय सांगू, इतका आनंद झाला! मला भेटता यावं म्हणून एक माणूस स्वतःच्या चकचकीत गाडीचा टप घासून आला होता. आणि लगेच रागही आला, कारण मी रंगाची जाडी मोजायचं यंत्र टपाला लावलं होतं. रंगावर एक पारदर्शक थर असतो. ओरखडे काढायचे म्हणजे तोच थर थोडा-थोडा झिजवायचा. तो परत वाढत नाही. कमी झालेला आकडा बघून मी यंत्र खाली ठेवलं.

"आज करते," मी म्हटलं. "पण ही शेवटची वेळ. परत ओरखडे घेऊन आलात तर मी हात लावणार नाही. थर गेला की रंग फिका पडायला लागेल, मग अख्खा टप रंगवावा लागेल. मी कोणाची गाडी अशी मारत नाही."

"अन् ओरखडे पडलेच नाही तं?"

"मग तर कामच नाही. कशाला याल?"

हे वाक्य तोंडातून निघालं आणि माझं मलाच लागलं. पण परत कसं घेणार? खोटं बोलून त्याला दर महिन्याला बोलावणं सोपं होतं. गाडी बिचारी कुठे बोलणार होती! मला ते जमलं नाही. उलट, पॉलिश झाल्यावर मी त्याला गाडी धुवायला शिकवली. दोन बादल्या घ्यायच्या, एक साबणाची, एक कापड खळखळून घ्यायला. आधी नुसत्या पाण्यानं काळी माती उतरवायची. उन्हात धुवायची नाही. कोरडं फडकं... कधीच नाही. तो मुकाट्यानं सगळं करून बघत होता. त्यानं नीट शिकावं असं मला वाटत होतं, आणि अजिबात शिकू नये असंही.

"जमलं," मी म्हटलं.

"हो ना. जमलं," तो म्हणाला आणि गेला.

संक्रांत आली, गेली. तो आला नाही. बरोबरच होतं, मीच तर म्हटलं होतं. रस्त्यावर काळी गाडी दिसली की माझा हात थांबायचा. टायरवाल्यानं एकदा विचारलं, "दामिनी, तुले काही बाधलं का व?" मी त्याच्या अंगावर खेकसले.

जानेवारी सरता सरता एका दुपारी ती गाडी थेट दुकानात शिरली. नितेश उतरला. मी मशीन तसंच टाकून पुढे झाले आणि तोंडानं मात्र म्हणाले, "आता काय करून आणलंत?"

"पाहा ना तुमीच."

मी दिवा घेतला. बॉनेट बघितलं. दारं, डिकी, आरशांच्या पाठी. स्टूल ओढून टप बघितला. कडेला डोकं टेकवून, तिरकं बघितलं. एक ओरखडा नाही. एकही जाळं नाही. फक्त पुढच्या काचेच्या कोपऱ्यात कुंकवाचा छोटासा सातिया होता.

"काहीच नाही," मी म्हटलं.

"दर रविवारी धुतो. दोन बादल्या. आई पाणी टाकते, मी कापड मारतो." तो गाडीकडे बघत बोलत होता. "मांगच्या वेळी टप म्याच घासला होता, फडक्यानं. रडू येऊन राहिलं होतं घासता-घासता."

"माहीत आहे मला."

"माहीत होतं? मंग बोलल्या काहून नाही?"

"तुम्ही काहून नाही बोललात?" मी स्टुलावरून उतरले. "गाडीला काही झालेलं नाही. माझ्याकडे काही काम नाही. मग आलात कशाला?"

त्यानं पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं.

"तुमी म्हटलं होतं, काम नसन तं कशाले याल. ते पूर्ण महिना डोक्यात घोळलं माह्या. मंग म्हटलं, बिनकामाचंच जाऊन पाहू. तुमी आवडता मले. ओरखडे असो का नसो, मले या लागते इथं."

"मग लवकर याचं ना!" माझं शहरी बोलणं कुठल्या कुठे गेलं. "महिनाभर रस्ता पाहून राहिली मी. दर काळ्या गाडीले पाहून..."

 त्यानं माझ्या हातातला दिवा हळूच काढून घेतला, बंद केला आणि माझा हात हातात धरून ठेवला. पॉलिशचे डाग होते त्यावर. त्याला चालत होते.

तेवढ्यात गाडीचं मागचं दार उघडलं. काळ्या काचेमागून कौशल्याबाई उतरल्या. हातात तिळगुळाचा डबा. सगळं ऐकलं होतं त्यांनी, आणि लपवायची इच्छाही दिसत नव्हती.

"झालं का तुमचं?" त्या म्हणाल्या. "का व पोरी, बाप घरी हाय का तुया?"

"कोर्टात आहेत," मी कसंबसं म्हटलं. "संध्याकाळी येतात."

"मंग बसतो आमी," त्या म्हणाल्या आणि ती प्लॅस्टिकची खुर्ची ओढून घेतली.