मागची गाडी दिसेपर्यंत

बाबांनी मला पाठवलं ते किल्लीसाठी. काम साधं होतं. आजोबांच्या जुन्या गाडीत दोन दिवस त्यांच्या शेजारी बसायचं, ते कशी चालवतात ते बघायचं आणि घरी येऊन सांगायचं, "आता बास." मग बाबा किल्ली काढून घेणार होते. हे त्यांनी स्वतः का नाही करायचं? कारण त्यांना वडिलांविषयी बोलता येतं, वडिलांशी नाही. आमच्या घरातली सगळी मोठी माणसं अशीच. मी इंजिनीअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं, तेव्हाही घरभर माझ्याविषयी चर्चा झाली. माझ्याशी कोणी बोललं नाही. वर "तू तशी मोकळीच आहेस," म्हणून हे काम माझ्याच गळ्यात.

आजोबांविरुद्ध दोन पुरावे होते. एक, वर्षभर ते गाडी फाटकातून आत आणत नव्हते. मोठ्या रस्त्यावर लावून घरापर्यंत चालत यायचे. दोन, प्रत्येक वळणावर उगाच थांबायचे. "अंदाज गेलाय त्यांचा," बाबा म्हणाले.

सकाळी सहाला आजोबांचं जुन्या गाड्यांचं मंडळ सहलीसाठी जमलं. सात गाड्या, सगळ्या आजोबांच्या लग्नाआधीच्या. चालवणारे सत्तरीच्या पुढचे, डोक्यावर टोप्या, हातात मोजे. आयुष्यभर कोणाला रस्ता दिला नसेल, पण इथे "आधी तुम्ही, आधी तुम्ही" चाललं होतं. पुढारी होते कर्नल. त्यांनी हयातभर विमा विकला होता, कर्नल हे नुसतं मिशांवरून. त्यांनी नियम वाचून दाखवला.

"आपल्या मागची गाडी ही आपली जबाबदारी. वळण आलं की थांबायचं. मागचा दिसला, त्याने दोनदा दिवे मारले, की हात दाखवून वळायचं. मागचा दिसेपर्यंत वळायचं नाही. आज शेवटी कोण?"

"मी," आजोबा म्हणाले.

सगळे एकदम आपापलं बॉनेट पुसायला लागले.

खरं सांगते, प्रवास सुंदर होता. मला तो आवडायला नको होता, पण आवडला. पेट्रोलचा आणि तापलेल्या रेक्झिनचा वास, खालून येणारी इंजिनाची घरघर, उघड्या खिडकीतून वारा. आजोबा घरी पाण्याचा ग्लास धरतात तेव्हा हात थरथरतो. स्टिअरिंगवर तो अजिबात हलत नव्हता. गिअर असा पडायचा, जसं कोणी झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं. माझा अहवाल बोंबलला होता.

मग पहिलं वळण आलं. पुढची गाडी वळून दिसेनाशी झाली. आजोबा कडेला थांबले.

"आजोबा, आपणच शेवटचे आहोत."

"हो."

"मग कोणासाठी थांबायचं?"

"थांब जरा."

ते आरशात बघत बसले. दोन मिनिटांनी खिडकीतून हात काढून दाखवला आणि वळले. मी फोनमध्ये लिहिलं : वळण एक, दोन मिनिटं. दुसऱ्या वळणावर तीन मिनिटं. बाबांना हवं होतं ते मिळत होतं.

तिसरं वळण डोंगरात होतं. दुपारचे चार, पण धुकं इतकं की बॉनेटचं टोक दिसेना. उजवीकडे वळायचं होतं. सरळ रस्ता धुक्यात उतरत होता. आजोबांनी इंजिन बंद केलं. थेंब टपावर पडत होते... आणि वास येत होता. साठलेल्या पाण्याचा, फुलदाणीत विसरलेल्या पाण्याचा. मग मागून आवाज आला. जुनं इंजिन, चौथ्या ठोक्याला अडखळणारं. आरशात दोन दिवे उगवले, एक पांढरा, एक पिवळा. ते आले आणि बऱ्याच अंतरावर थांबले.

दोनदा लागले. दोनदा विझले.

"कोण आहे ते?" मी विचारलं.

आजोबांनी माझ्याकडे वळून बघितलं. "तुला... दिसला?"

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. घाबरलेला नव्हता. सुटका झालेल्या माणसाचा होता.

"घड्याळवाला," ते म्हणाले. "दिव्याची एक काच फुटली होती, त्याला पिवळीच मिळाली."

घड्याळवाले काका म्हणजे आजोबांचे जुने मित्र. घड्याळं दुरुस्त करायचे. गेल्या वर्षी याच सहलीत गाडीसकट धरणाच्या पाण्यात गेले. डुलकी लागली असणार, असं मंडळाने ठरवून टाकलं होतं.

"माझ्या मागे होता तो," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "सकाळी चारचौघांत म्हणाला, तुझी गाडी पाच मिनिटं मागे पडते, तुझ्यासारखीच. मला राग आला. म्हटलं, बघतोच. इथे थांबलो नाही... धुक्यात तो सरळ गेला. सरळ रस्ता पाण्यात उतरतो."

"आणि तुम्ही सगळ्यांना सांगितलं, वीस मिनिटं थांबलो म्हणून."

"हो."

"घड्याळवाल्या काकूंनासुद्धा?"

"हो."

"तुम्ही भित्रे आहात, आजोबा."

"हो," ते म्हणाले. सगळ्याला हो म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. त्यांनी खिडकीतून हात दाखवला. आम्ही वळलो.

दुसऱ्या दिवशी परतताना ते थकले होते. मी चालवायला घेतली. ते शेजारी झोपले. वळणांवर मी थांबत होते. का, ते विचारू नका. प्रत्येक वळणावर दोनदा दिवे लागले. दर वेळी आधीपेक्षा जवळ. शहराजवळ ऊन पडलं, गर्दी लागली आणि मी आरशात बघायचं सोडून दिलं. बाबा अंगणात उभे दिसले. मला वाटलं, दाखवूच यांना. एका झटक्यात फाटकातून गाडी आत घेतली, भिंतीपासून वीतभर अंतरावर उभी केली.

ब्रेकच्या धक्क्याने आजोबा जागे झाले. आधी भिंतीकडे बघितलं, मग मागे.

"आत का आणलीस?"

"म्हणजे?"

"आपण वळतो तिथे तोही वळतो, अगं..."

बाबांनी किल्लीसाठी हात पुढे केला. आजोबांनी ती काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि घरात निघून गेले.

सकाळी अंगणभर दव पडलं होतं. फरशी ओली, झाडं ओली, आमची गाडी ओली. फक्त आमच्या गाडीमागे एक मोठा चौकोन कोरडा होता. गाडीएवढा. बाबा म्हणाले, झाडाचा आडोसा झाला असेल. तिथे झाड नाही. दुसऱ्या दिवशीही तो कोरडा होता. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात फुलदाणीतल्या पाण्याचा वास यायला लागला, आणि आई नळ तपासत बसली.

चौथ्या सकाळी आजोबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत डावीकडे बसलेले.

"चल. पुढची निघाल्याशिवाय मागची निघत नाही. त्याला घरी सोडून येऊ."

"आणि काकूंना खरं सांगायचं."

"म्हणून तर इस्त्रीचा शर्ट."

काकूंचं घर चार वळणांवर. लख्ख ऊन, शाळेच्या गाड्या, भाजी घेणारी माणसं. मी प्रत्येक वळणावर थांबले. मागचे लोक हॉर्न मारत, शिव्या देत बाजूने गेले. एक सोडून सगळे.

काकू फाटकात उभ्या होत्या. आम्ही कळवलं नव्हतं, तरी फाटकाची दोन्ही दारं सताड उघडी. मी फाटकाच्या थोडं पुढे, रस्त्यावरच थांबले. आजोबा उतरले. दरवाजा लावायचंही भान नव्हतं त्यांना. चालत काकूंसमोर गेले.

"वहिनी, मी त्या दिवशी थांबलो नव्हतो."

"माहीत आहे, भाऊजी." त्यांचा आवाज शांत होता. त्या आजोबांकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर आमच्या गाडीच्या मागे होती. मग गाडीला वाट द्यावी तशा त्या अंग चोरून कडेला सरकल्या, आणि काहीतरी हळूहळू आत जाताना बघावं तशी त्यांची मान वळत गेली. चेहरा उजळला. मला वाटलं, संपलं.

मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ह्यांच्या शेजारी कोण बसलंय?"

"तो एकटाच होता, वहिनी," आजोबा म्हणाले. "कायम एकटाच चालवायचा. पाण्यातही एकटाच गेला."

"नाही... आता उतरलंय ते." काकूंची नजर आतून परत फाटकाकडे आली, रस्त्यावर आली, माझ्या दिशेने. "तुमच्या गाडीकडे येतंय."

मी स्टिअरिंग धरून बसले होते. किल्ली माझ्याकडे होती. आजोबांनी उघडा टाकलेला डावा दरवाजा, माझ्या शेजारी, सावकाश आणि नीट लागला.