पंधरावा ठोका

ही गोष्ट खरी आहे. माझे मामा, अनंतराव परचुरे, जन्मात खोटं बोलले नाहीत. लिहिलं मात्र एकदा. मुळशी पेट्यात, धरणाखाली जाणाऱ्या एका गावात. साल १९२६, दसऱ्यानंतरचा मंगळवार, भर दुपार.

अनंतराव पुण्यात घड्याळं दुरुस्त करत. नुसत्या आवाजावरून घड्याळ कुठल्या देशाचं ते ओळखत, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत.

त्या दुपारी ते हैबतराव पाटलांच्या ओसरीवर बसले होते. पुढ्यात पाटलांचं खिशातलं घड्याळ. बाजूची कळ सरकवली की ते वेळ वाजवून सांगे. तासांना जाड ठोका, पाव तासांना जोडठोका, वरच्या मिनिटांना बारीक. आत एक जाड आणि एक बारीक तार होती, त्यांवर इवल्या हातोड्या पडत. मुंबईचे एक शेठ ते घेणार होते, पण आतला तुकडा न् तुकडा मूळचा आहे असा दाखला त्यांना हवा होता. महिन्यापूर्वी अनंतरावांनी घड्याळ नुसतं ऐकून पत्र दिलंच होतं : "असा बारीक स्वर केवळ स्वित्झर्लंडचा कारागीरच काढू जाणे." पत्राची नक्कल चौकटीत घालून दुकानात टांगलीही होती. आता उघडून बघायचं आणि सही करायची, इतकंच.

तेवढ्यात रत्नाबाई आली. मेंढरांच्या घंट्या घडवणाऱ्या गेणबाची विधवा. तिच्या हातात एक घंटा होती.

"ती बारीक तार माज्या मालकानं केलीय," ती म्हणाली. "पाटलांच्या हातनं घड्याळ पडलं, तवा."

"बाई, मेंढराची घंटा वेगळी आणि हे काम वेगळं."

"मेंढरू दिसलं न्हाई तरी घंटंवरनं कुणाचं ते सांगत हुता त्यो. तुमी घड्याळ वळखता तसंच की."

हैबतराव पान लावत होते. "खरं हाय, अनंतराव. गेणबानंच केली. पर शेठला कशाला सांगायचं?"

अनंतरावांनी तार सोडवली. चिमट्यानं उचलून भिंगाखाली धरली...

बुडाशी इवलीशी चंद्रकोर कोरलेली होती.

रत्नाबाईनं घंटा पुढं ठेवली. तिच्यावरही तीच चंद्रकोर.

"समदं पाण्यात जानार. घंट्या कळपांसंगं गेल्या. त्याचं नाव कुटंतरी ऱ्हाऊ द्या. ही तार गेणबाची, एवढं लिवा. लई न्हाई मागत."

अनंतरावांना दुकानातली चौकट आठवली.

त्यांनी लिहिलं : सर्व भाग मूळचे, स्वित्झर्लंडचे. खाली सही.

रत्नाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागदाकडं पाहिलंच नाही, त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

"न्हाई लिवलं न्हवं," ती म्हणाली. घंटा उचलून निघून गेली.

घड्याळ उघडंच होतं. तार रुमालावर पडली होती. कळीला कुणाचा हात नव्हता.

आणि...

ठण्. ठण्. ठण्.

तीन. पाव नाही. मग बारीक ठोके सुरू झाले...

अनंतराव वाकले. छोटी हातोडी हवेत मारत होती. तिच्यापुढं तारच नव्हती.

आवाज येत होता.

अशा घड्याळात मिनिटांचे ठोके चौदाच. पंधरावं मिनिट भरलं की पाव वाजतो. मिनिटं वाजवणाऱ्या चाकाला पंधरावा दाता नसतोच.

बारा... तेरा... चौदा...

पंधरा.

हैबतरावांचं पान हातातच राहिलं. "तुमी कळ सरकवली व्हय?"

"नाही."

रुमालावरची तार हललीसुद्धा नव्हती.

अनंतरावांनी ती जागेवर बसवली. दाखला दिला. घड्याळ मुंबईला गेलं, पुढं गाव पाण्यात गेलं. दुकानातली चौकट त्यांनी उतरवली. शेठना दुसरं पत्र त्यांनी सात वेळा लिहिलं. टपालात एकदाही टाकलं नाही.

मागल्या पावसाळ्यात मी दुकानात गेलो होतो. दुपारचे सव्वातीन होत आले होते. मामांनी चिमटा खाली ठेवला, बोट वर केलं.

"मामा, मला काहीच ऐकू येत नाही."

"चौदा झाले," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

मी छत्री घेतली आणि निघालो. सुशिक्षित माणसानं अशा वेळी थांबू नये.

जिना उतरताना मात्र एक ऐकू आला...

एकच. बारीक.